ट्रकचा प्रश्न

भरधाव ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकल्या. जास्त बल कोणी कोणावर लावलं? नववीच्या वर्गात विचारून पाहा. ‘ट्रकनं!’ असा गलका होईल. आणि हीच मुलं न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणून दाखवतील.

अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात माल्कम वेल्स हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवत. खडू-फळ्यापुरते मास्तर ते कधीच नव्हते. त्यांचा वर्ग प्रयोगांनी गजबजलेला असे. 1985 साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या इब्राहिम हॅलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्र नाही. ट्रक, चेंडू, ढकललेली खोकी असले साधे प्रश्न. वेल्सनी ती आपल्या वर्गाला दिली आणि निकाल पाहून हादरले. अशा वेळी ‘यंदाची बॅचच कच्ची’ म्हणून मोकळं व्हायची सोय आपल्या धंद्यात असते. वेल्सनी ती घेतली नाही. वर्षानुवर्षं शिकवून झालेल्या या माणसानं हेस्टेनिसांकडे विद्यार्थी म्हणून नाव घातलं आणि 1987 मध्ये आपल्याच अध्यापनावर डॉक्टरेट केली. मला त्यांच्या पद्धतीपेक्षा हेच मोठं वाटतं.

त्यातून त्यांनी बसवलेली शिकवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. लंबक हलवून दाखवायचा आणि विचारायचं, काय दिसतंय? मुलं सांगतील ते सगळं लिहून घ्यायचं. त्यातलं मोजता येण्याजोगं काय, कशामुळे काय बदलतं, हे मुलांनीच ठरवायचं. प्रयोगाची कृतीही त्यांचीच. मग प्रत्येक गटानं दोन फूट बाय पावणेतीन फुटांच्या पांढऱ्या फळ्यावर आलेख, समीकरण आणि निष्कर्ष मांडून वर्गासमोर उभं राहायचं. सर बाजूला. त्यांचा प्रश्न एकच: हे तुम्हाला कशावरून कळलं? आलेख सुबक असूनही त्याच्या चढाचा अर्थ सांगता येईना, की गटाची त्रेधा उडायची. उत्तर सरांकडून मिळत नसे. दुसरा गट हात वर करी.

1992 मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही सुधारित चाचणी आणली. पुढे रिचर्ड हेक यांनी अशा चाचण्यांचे 62 अभ्यासक्रमांतल्या 6,542 विद्यार्थ्यांचे निकाल 1998 साली एकत्र मांडले. जेवढी सुधारणा शक्य होती, त्यातली निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी 23 टक्के झाली. मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत 48 टक्के. म्हणजे तिथंही निम्मं हातचं सुटलंच.

आपल्याकडे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’. त्याखालची उदाहरणं मीही पैकीच्या पैकी सोडवली होती, आणि ट्रकचं उत्तर पुढं कितीतरी वर्षं चुकतच होतो.

शिक्षक वाचकांना एवढंच सांगणं: सुट्टीनंतर शाळा उघडली की ट्रकचा प्रश्न वर्गात टाका. आणि बरोबर उत्तर त्या दिवशी सांगू नका.