ध्वनीचे जुने द्वार : एका वादाचा मागोवा

लिनक्सच्या गाभ्यातील ध्वनिव्यवस्थेचा गेल्या तीन दशकांचा इतिहास चाळू गेल्यास असे दिसते की, जो वाद वर्षानुवर्षे मिटला नाही तो कोणत्याही नव्या शोधाविषयी नव्हता. जुन्या प्रोग्रामांसाठी राखून ठेवलेले एक लहानसे मॉड्यूल आपोआप लोड व्हावे की नाही, एवढाच तो मामला होता.

फिनलंडच्या हानू सावोलाइनेन यांनी १९९२च्या सुमारास आरंभिलेली ओएसएस ही पद्धत अत्यंत सरळ होती : प्रोग्रामने ‘डेव्ह-डीएसपी’ नावाची फाइल उघडावी, तीत ध्वनी लिहावा आणि साउंड कार्डाने तो वाजवावा. पुढे यारोस्लाव कीसेला यांची अल्सा ही व्यवस्था २००२ मध्ये गाभ्याच्या विकासशाखेत दाखल झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्तीबरोबर तिचा अंमल सुरू झाला. तथापि जुनी वहिवाट मोडू नये म्हणून तिच्या कर्त्यांनी ‘एसएनडी-पीसीएम-ओएसएस’ हे मॉड्यूल सोबत दिले, आणि जुन्या प्रोग्रामांना त्यांचे ते द्वार पूर्ववत दिसत राहिले.

खरी अडचण निर्माण झाली ती उपकरणांच्या नोंदी सांभाळणाऱ्या यूडेव्ह या व्यवस्थेमुळे. पूर्वी उपकरणांच्या नोंदी ‘डेव्ह’च्या दप्तरी आगाऊच असत, कोणी नोंद उघडताच गाभा मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबला हुकूम सोडी आणि मॉड्यूल हजर होई. यूडेव्ह आल्यावर मात्र मॉड्यूल आधी आणि नोंद मागाहून असा क्रम झाला. नोंद नाही म्हणून ती कोणी उघडत नाही, आणि उघडत नाही म्हणून मॉड्यूल येत नाही, अशा या कोंडीत लिनक्सच्या वितरणांपुढे ते मॉड्यूल सदैव लोड करणे किंवा कधीच न करणे, एवढे दोनच मार्ग उरले.

ते सदैव लोड करण्यास विरोध करणाऱ्यांची कैफियत निराधार नव्हती. हे मॉड्यूल कार्डाचा ताबा थेट घेते, आणि मदरबोर्डावरील सामान्य कार्डांना अनेक ध्वनी एकत्र मिसळता येत नसल्यामुळे एक जुना प्रोग्राम बोलू लागला की बाकीचे सारे मुके होतात. २००७ मध्ये फेडोरा ८ने आणि २००८ मध्ये उबंटू ८.०४ने सर्व प्रोग्रामांचे ध्वनी एकत्र मिसळणारा पल्सऑडिओ स्वीकारल्यानंतर ही तकरार अधिकच तीव्र झाली. २०१०च्या उबंटू १०.१०मध्ये तर गाभ्यातून ही सोयच वगळण्यात आली.

याच सुमारास, पनवेलजवळ खांदा कॉलनीतील सिडकोच्या एका इमारतीत, माझ्या परिचयाचे एक दृष्टिहीन गृहस्थ फेस्टिव्हल या वाचाप्रणालीचा मराठी आवाज वापरीत असत. डेबियनच्या भांडारात असलेला हा आवाज मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवी. परंतु तत्कालीन फेस्टिव्हल ‘डेव्ह-डीएसपी’कडेच धाव घेई, आणि गाभा अद्ययावत होताच, ते द्वार उघडता येत नाही, अशी सूचना पडद्यावर उमटू लागली. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी ती सूचना म्हणजे केवळ निःशब्दता होती, आणि मागील आवृत्तीशी सुसंगती राखण्याचे कर्तव्य किती गंभीर आहे याची मला जी जाणीव झाली ती त्या घरातच.

मध्यममार्ग उपलब्ध होता. २०१० मध्ये यूडेव्हवर काम करणारे काय सीव्हर्स यांनी अशी तजवीज केली की, मॉड्यूल लोड होण्यापूर्वीच त्याची नोंद तयार असावी व कोणी ती उघडताच मॉड्यूल यावे. अल्साच्या सीक्वेन्सरला या सोयीचा लाभ मिळाला, ‘डेव्ह-डीएसपी’ला मात्र मिळाला नाही. कित्येक प्रोग्राम प्रथम जुनेच द्वार ठोठावून पाहतात आणि त्यामुळे मॉड्यूल विनाकारण लोड होईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तरीही विनाकारण उघडलेले द्वार बंद करता येते, आणि ज्याला गाऱ्हाणे कोठे नेऊन मांडावे हेच ठाऊक नाही त्याचा थांबलेला आवाज कोणाच्या ध्यानातही येत नाही, म्हणून मी त्या तजविजीच्याच पक्षाचा आहे.

फेस्टिव्हल पुढे अल्साशी थेट बोलू लागला आणि त्या गृहस्थांपुरता प्रश्न सुटला. लोकी कंपनीच्या खेळांसारखे, मूळ संहिता बंद असलेले आणि कर्ते पांगलेले प्रोग्राम मात्र आजही जुन्या द्वारावरची हाक पल्सऑडिओकडे वळवणाऱ्या ‘पीएडीएसपी’सारख्या मध्यस्थावर विसंबून आहेत, आणि प्रत्येक वेळी तो मध्यस्थ नावाने बोलावण्याचा भार वापरणाऱ्यावरच पडतो.