परक्याशी बोलताना

निरोप घेताना मराठी माणूस "जातो" असे म्हणत नाही. "येतो" असे म्हणतो. नव्याने मराठी शिकलेल्या एखाद्या परप्रांतीय पाहुण्याने व्याकरण कितीही घोकलेले असो, दाराबाहेर पाऊल टाकणारा गृहस्थ "येतो" म्हणाला की तो क्षणभर गोंधळतोच. क्रियापद त्याला ठाऊक असते, काळ ठाऊक असतो. ठाऊक नसते ते एवढेच की, "जातो" हा शब्द निरोपाच्या वेळी आपल्याकडे अशुभ मानतात. भाषा येणे ही एक गोष्ट आणि त्या भाषेमागची रीत कळणे ही दुसरी. भिन्न संस्कृतींतील माणसांच्या संवादाचा सारा पेच या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे.

गेल्या शतकात या अंतराचा पुष्कळ अभ्यास झाला. त्यातून निघालेल्या तीन कल्पना आम्ही येथे उदाहरणांसह मांडणार आहोत. परंतु त्यांच्याबरोबर एक प्रश्नही सतत डोळ्यांपुढे ठेवावयास हवा: गैरसमज झाला, तर त्याची किंमत कोण भरतो?

पहिली कल्पना अशी की, सगळेच बोलणे माहिती देण्यासाठी नसते. ट्रोब्रियंड बेटांवर राहून तेथील लोकजीवनाचा अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. पुष्कळ बोलणे केवळ नाते जोडण्यासाठी, मधला अबोला मोडण्यासाठी असते. आपल्याकडे दुपारच्या वेळी भेटलेला माणूस "काय, जेवण झालं का?" असे विचारतो, तेव्हा त्याला आपल्या पानातले पदार्थ मोजावयाचे नसतात. चीनमध्येही भेटीच्या वेळी असेच विचारण्याची जुनी चाल आहे. ही चाल ज्याला ठाऊक नाही त्याला हा प्रश्न म्हणजे जेवणाचे आमंत्रण वाटेल, नाही तर नसती चौकशी. येथे गैरसमज झाला तरी फार तर हसे होते. कोणाचे काही बिघडत नाही.

दुसऱ्या कल्पनेपाशी मात्र हसणे संपते. एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेत तंतोतंत जोड मिळेलच असे नाही. साधे पाहा. मराठीत "आम्ही" आणि "आपण" यांत भिंतीएवढा फरक आहे. एकात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. मग ज्या शब्दांत सत्ता, मालकी, हक्क अशा कल्पना साठवलेल्या असतात, त्यांचे भाषांतर किती जोखमीचे असेल!

न्यूझीलंडच्या इतिहासात या जोखमीचे ठळक उदाहरण आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइटांगी येथे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी कॅप्टन हॉब्सन आणि तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांचे सरदार यांच्यात करार झाला. इंग्रजी मसुद्याचे माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स हे मिशनरी व त्यांचा मुलगा यांनी अवघ्या एका रात्रीत केले. इंग्रजी मसुद्यात सरदार आपले सार्वभौमत्व राणीच्या स्वाधीन करतात असे होते. माओरी मसुद्यात त्या जागी "कावनातांगा" असा शब्द आला. "गव्हर्नर" या इंग्रजी शब्दाचे माओरी तोंडी "कावना" झाले होते. त्यावरून बनवलेला हा शब्द, म्हणजे फार तर गव्हर्नरचा कारभार. उलट जमिनी, गावे आणि ठेवे यांवरील "रांगातिरातांगा", म्हणजे सरदारकीचा पूर्ण अधिकार, सरदारांकडेच राहील असे दुसऱ्या कलमात म्हटले होते. सर्वोच्च सत्तेसाठी माओरीत "माना" हा वजनदार शब्द होता आणि पाचच वर्षांपूर्वी, १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, तो वापरलाही गेला होता. करारात तो आला नाही. हे घाईने झाले की हेतुपुरस्सर, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

त्या वर्षभरात पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या आणि त्यांतील बहुतेक सर्व माओरी मसुद्यावर होत्या. त्यांनी कारभारात भागीदारी दिली असे मानले. इंग्रजांनी देश मिळाला असे मानले. पुढे १८६० नंतरच्या युद्धांत माओरींच्या विस्तीर्ण जमिनी जप्त झाल्या. कराराच्या भंगाची चौकशी करण्यासाठी न्यायाधिकरण नेमले गेले ते १९७५ साली. आणि १८४० मध्ये सह्या करणाऱ्या उत्तरेकडील सरदारांनी सार्वभौमत्व सोडलेच नव्हते, असा निष्कर्ष त्या न्यायाधिकरणाने २०१४ साली नोंदवला. शब्द दोन्ही पक्षांचा चुकला असेल, पण जमीन एकाच पक्षाची गेली.

आता तिसरी कल्पना. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल हे १९५० नंतरच्या काही वर्षांत परदेशी जाणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना शिकवीत असत. या कामातून त्यांचे पुढील लेखन सिद्ध झाले. १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे दाखवले की, काही समाजांत बोलण्याचा बहुतेक अर्थ शब्दांत असतो, तर काहींत तो प्रसंग, नाते, वय, मान आणि मौन यांत वाटलेला असतो. पहिल्यास आपण शब्दप्रधान म्हणू, दुसऱ्यास संदर्भप्रधान. जर्मन-स्विस लोक एका टोकाला आणि जपानी दुसऱ्या टोकाला, अशी हॉल यांची मांडणी होती. अर्थात एखादा सबंध देश एकाच खणात बसत नाही. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत "बघू, कळवतो" याचा अर्थ पुष्कळदा "नको" असा असतो आणि तो सर्वांना बिनबोभाट कळतो. परंतु तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी कोर्टात करारनामा लिहून घेताना शब्दाला शब्द लावून घेतो.

जेथे संदर्भ ऐकणाऱ्यापर्यंत पोचू शकत नाही, तेथे सौम्य शब्द प्राणावर बेततात. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेले आव्हियांका कंपनीचे विमान खराब हवेमुळे एक तासाहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालीत ठेवले गेले. इंधन संपत आले होते. आपल्याला प्राधान्य हवे, इंधन संपत आहे, असे वैमानिकांनी इंग्रजीत सांगितले. मुख्य वैमानिकाने आपत्ती जाहीर करावयास सांगितले असताही सहवैमानिकाच्या संदेशात तो ठरलेला शब्द आला नाही. नियंत्रकांच्या दृष्टीने त्या गर्दीच्या रात्री प्राधान्य मागणे ही एक सामान्य विनंती होती. विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ माणसे दगावली. चौकशीत इंधनाच्या व्यवस्थेतील हयगय आणि आपत्ती न कळवणे यांवर मुख्य ठपका आला. या घटनेला केवळ संस्कृतिभेदाचे नाव देणे योग्य नव्हे. परंतु "इंधन संपत आहे" हे शब्द ऐकूनही, याचा नेमका अर्थ काय, असे कोणी खोदून विचारले नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

मग उपाय काय? विमानवाहतुकीतच एक साधा उपाय रूढ आहे. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवावयाची आणि ती बरोबर म्हटली की नाही हे नियंत्रकाने ऐकावयाचे. "समजले" एवढे पुरत नाही. या रीतीत एक मोठे तत्त्व आहे: आपले बोलणे पोचले का, हे पाहण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावरही असते.

ही जबाबदारी घेणारे आणि झटकणारे, दोन्ही नमुने आपल्या गोव्यात झाले. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या क्रिस्तपुराणात त्यांनी मराठी ओवी स्वीकारली. स्वर्गासाठी त्यांनी "वैकुंठ" हा येथलाच शब्द घेतला. असा उसना शब्द आपला जुना अर्थही बरोबर घेऊन येतो, ही अडचण आहेच. तरीही ऐकणाऱ्याच्या दाराशी चालत जाण्याचे कष्ट त्यांनी घेतले. उलट १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. येथे सारे कष्ट ऐकणाऱ्याच्या माथी मारले गेले. कोकणी त्यातून तगली आणि १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली, हा तिच्या लोकांचा चिवटपणा. फर्मान काढणाऱ्यांचे त्यात श्रेय नाही.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, आम्ही ना करार करणार, ना विमाने उतरवणार. आम्हांस याचा उपयोग काय? उपयोग आपल्या गावातच आहे. दवाखान्यात मेळघाटातून आलेली कोरकू बोलणारी बाई बसलेली असते; बँकेच्या खिडकीशी बिहारमधून कामाला आलेला गवंडी उभा असतो. "समजलं ना?" असे खुर्चीवरचा माणूस विचारतो आणि समोरचा मान डोलावतो. ती मान मोठ्या माणसाचा मान राखण्यासाठी हललेली असते. समजल्याची ती खूण नव्हे. गोळी सकाळची की रात्रीची, हप्ता किती आणि कधी, हे त्याला आपल्या शब्दांत सांगावयास लावणे, हा त्यावरचा उपाय. त्याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे खुर्चीवरच्या माणसाने द्यावयाची आहेत. कारण चूक झाली तर गोळी दुसऱ्याच्या पोटात जाते आणि हप्ता दुसऱ्याच्या मजुरीतून कापला जातो.