समुद्र ओलांडताना पोटातून काय हरवले?



आपल्या लोकांनी देश सोडला तेव्हा पेटीत काय काय बांधून आणले याच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात. कुणी विळी आणली, कुणी पाटा-वरवंटा, कुणी मलिद्याचे ताट. एक सामान मात्र कुणी बांधले नाही आणि कस्टमवाल्यांनी उघडूनही पाहिले नाही. ते आपल्या पोटात होते. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, की सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्यांचे मिळून वजन किती, तर पाव किलोलाही कमीच!

हे सामान परदेशात टिकले का, नातवंडांपर्यंत पोचले का, असा प्रश्न आपण कधी विचारला नाही. तो प्रश्न विचारणारी माणसे आहेत सांता क्लारात.

चिपांच्या गावाशेजारी

कॅलिफोर्नियातले सांता क्लारा म्हटले की संगणक आठवतो. इंटेल आणि एनव्हिडिया यांची मुख्यालये याच गावातली. आपल्या मराठी मंडळींच्या मुला-मुलींना नोकऱ्या मिळाल्या त्या याच भागात, आणि एल कॅमिनो रिअल रस्त्यावर भारतीय किराणा मालाची दुकाने उभी राहिली तीही त्यांच्यामुळेच. पण सांता क्लारा हे गाव आहे तसेच काउंटीचेही नाव आहे, काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा ना. याच काउंटीत, गावापासून गाडीने अर्ध्या तासावर, स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास तिथे गेली वीसेक वर्षे जोरात चालला आहे.

सुरुवातीचे मोठे काम डॉ. डेव्हिड रेलमन यांच्या गटाचे. पूर्वी जिवाणू ओळखायचा म्हणजे तो बशीत वाढवावा लागे, आणि पोटातले पुष्कळसे जिवाणू हवा लागली की मरतात. या मंडळींनी जिवाणू वाढवण्याऐवजी त्यांचे जनुक वाचले. २००५ मध्ये त्यांनी फक्त तीन निरोगी माणसांच्या आतड्यांतून ३९५ प्रकार मोजून दाखवले. त्यातले बहुतेक शास्त्राला तोवर ठाऊकच नव्हते. तिघांच्या पोटातली वस्तीही एकसारखी नव्हती.

पणजीचे पणतूला मिळाले नाही

याच विद्यापीठात जस्टिन आणि एरिका सोननबर्ग हे शास्त्रज्ञ पतिपत्नी एक प्रयोगशाळा चालवतात. त्यांचा मुख्य विषय चोथा, म्हणजे भाजी, डाळी, कडधान्ये आणि कोंड्यासकट धान्य यांतला जो भाग आपले आतडे पचवू शकत नाही तो. आपण त्याला टाकाऊ समजतो, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावरच जगतात. ते तो आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार करतात. त्यातले ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचे अन्नच आहे. जिवाणूंना चोथा मिळाला नाही तर त्यातले काही आतड्याच्या आतला बुळबुळीत थर खाऊ लागतात. यजमानाने जेवू घातले नाही म्हणून पाहुण्याने भिंत खरवडावी, तसेच हे.

२०१६ मध्ये या गटाचा एक प्रयोग ‘नेचर’मध्ये आला. उंदरांच्या पोटात माणसाचे जिवाणू वसवले आणि त्यांना कमी चोथ्याचे खाणे दिले. काही आठवड्यांतच जिवाणूंच्या अनेक जाती रोडावल्या. त्यांची पिल्ले, पिल्लांची पिल्ले अशा चार पिढ्या त्याच खाण्यावर वाढवल्या. दर पिढीत आणखी काही जाती गेल्या. मग चौथ्या पिढीला भरपूर चोथा देऊन पाहिला, तर मूळच्या जातींपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त परत आल्याच नाहीत. हरवलेले जिवाणू बाहेरून आणून घातले आणि बरोबर चोथाही दिला, तेव्हा कुठे वस्ती पुन्हा भरली.

हा प्रयोग उंदरांवरचा आहे, हे विसरून चालणार नाही. पण त्यातले सूत्र समजायला सोपे आहे. बाळाला हे जिवाणू मुख्यतः आईकडून आणि घरातल्या माणसांकडून मिळतात. आईजवळच जे उरले नाही ते ती देणार कुठून?

देश बदलला की

माणसांचे काय होते ते अमेरिकेतच मिनेसोटा विद्यापीठात पाहिले गेले. डॅन नाइट्स यांच्या गटाने आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग आणि करेन समाजाच्या पाचशेहून जास्त बायका तपासल्या. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच पोटातली वस्ती बदलू लागते. जितकी वर्षे जास्त तितका बदल मोठा, आणि तिथे जन्मलेल्या मुलींत तो आणखी जास्त. प्रेव्होटेला नावाचे जिवाणू, जे पालेभाजी-धान्य खाणाऱ्यांत भरपूर असतात, ते कमी होत जातात.

आता पुण्याकडे वळू या. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीय माणसांच्या पोटातली वस्ती अभ्यासली. २०१६ मध्ये त्यांनी दाखवले, की भारतीयांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष जास्त आढळतात. म्हणजे ह्मोंग बायकांनी वाटेत जे गमावले, त्याच जातीचा साठा आपल्या देशच्या माणसांकडे आहे. आपण रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबईला गेलो, मुंबईहून लोद, रामला, दिमोना, अश्दोदला आलो, आणि आता आपल्यातले काही कॅलिफोर्नियात गेले. प्रत्येक मुक्कामात ताट थोडे थोडे बदलले. भाकरी जाऊन पांढरा ब्रेड आला, वालाच्या जागी शनित्सेल.

गोळी की ताट?

बाजारात आता जिवाणूंच्या गोळ्या मिळतात, मग चिंता कसली, असे कुणी म्हणेल. इथे पुन्हा वाइझमन संस्थेचे काम उपयोगी पडते. एरन एलिनाव आणि एरन सेगल यांच्या गटांनी २०१८ मध्ये एका लहान गटावर पाहिले, की अँटिबायोटिक्सनंतर ज्यांनी अशा गोळ्या घेतल्या त्यांची स्वतःची वस्ती परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. तेव्हा साध्या सर्दीला डॉक्टरांकडे अँटिबायोटिक मागायची आपली सवय आधी सोडू या. ज्या दुखण्याला ते खरोखर लागते तिथे मात्र पुरा कोर्स घ्यावाच.

ताटाचे काय ते स्टॅनफर्डने २०२१ मध्ये सांगितले. सोननबर्ग आणि आहारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले आणि दहा आठवडे एका गटाला चोथा वाढवायला लावला, दुसऱ्याला दही, केफिर, किमची, आंबवलेल्या भाज्यांचे पाणी असे पदार्थ दिले. दुसऱ्या गटात जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिने कमी झाली. नुसता चोथा खाणाऱ्यांत दहा आठवड्यांत प्रकार वाढले नाहीत. कदाचित चोथा पचवणारेच पोटात कमी उरले असावेत, असा एक तर्क आहे. म्हणजे दोन्ही हवे, आणि सवय लहानपणापासून हवी.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. इडली, आंबोळी आंबवलेली खरी, पण शिजवताना जिवाणू मरतात. व्हिनेगरमधले लोणचे आंबवलेले नसते. मीठपाण्यात मुरलेली काकडी आणि घरचे ताजे दही चालेल. दही अर्थात मटणाच्या जेवणाबरोबर नाही, हे आपल्याला सांगायला नको.

आपले बिरडे

आपल्या पूर्वजांनी तिश्शा बेआवला ‘बिरड्याचा सण’ म्हटले, कारण त्या दिवसांत मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे होई. पेसाहला ते ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट पाण्याचा घट झाकून ठेवण्याचा सण. तो घट आठ दिवस झाकायचा, याचा अर्थ बाकीचे वर्षभर तो उघडा असे, रोजच्या जेवणात असे! हिब्रू नावे विसरलेल्या त्या लोकांनी सण लक्षात ठेवले ते ताटाच्या नावाने. कडधान्य आणि आंबवण, स्टॅनफर्डला जे दोन्ही सापडले, ते आपल्या सणांच्या नावांतच होते.

वाल सांता क्लाराच्या दुकानातही मिळतात आणि रामल्याच्या बाजारातही. ज्यांना सवय राहिली नाही त्यांनी एकदम ताट भरून खाऊ नये. आठवड्यातून एकदा, मग दोनदा असे वाढवावे. मधुमेह किंवा आतड्याचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारावे. आणि नातवंडांना पानात थोडे तरी वाढावे, ती तोंड वाकडे करतील तरीही. चौथ्या पिढीपर्यंत थांबायला नको.

आपल्या घरी आंबवणाचा घट कसा करीत, त्यात काय घालीत, हे ज्यांच्या आजीने सांगितले असेल त्यांनी आम्हाला जरूर लिहून पाठवावे. पुढच्या अंकात छापू.