जुन्या गांज्यांतील कॅनाबिनॉल
कॅनाबिनॉल हें द्रव्य गांज्याच्या ताज्या झाडांत जेमतेमच असतें. माल उजेडांत व हवेंत पडून राहिला म्हणजे त्यांतील कैफकारक टीएचसी प्राणवायूच्या योगानें पालटून तें बनतें. जुना गांजा निर्बळ होतो तो यामुळेंच. केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनीं १८९९ च्या सुमारास चरसांतून तें काढलें, व पुष्कळ वर्षें त्यासच कैफाचें मूळ समजत. खरें मूळ, टीएचसी, १९६४ सालीं इस्रायलांत शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. अमेरिकेंत कॅनाबिनॉल झोपेसाठीं विकतात, परंतु त्यास मनुष्यांवरील प्रयोगांचा आधार तोकडाच आहे. कोणी दलाल ‘झोपेच्या पिका’ची भाषा करूं लागल्यास त्यास विचारावें कीं, जें शेतांत नव्हे, कोठारांत पिकतें, त्याचें बियाणें कोणतें? शिवाय १९८५ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून गांज्याची लागवड गुन्हा आहे.