विमानातला वास अंगावर काढू नका

गेल्या महिन्यात दुबईहून सुटीवर आलेला एक तरुण दवाखान्यात आला. विमान उतरताना ओल्या मोज्यांसारखा कुबट वास आला, मग डोके जड होऊन मळमळू लागले, अशी त्याची तक्रार. पण या गोष्टीला चार दिवस झाले होते. तपासणीत मला काहीच सापडले नाही आणि इतक्या उशिरा सापडणेही कठीणच होते.

वाचकहो, बहुतेक जेट विमानांत बाहेरची ताजी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून आत घेतात. (बोइंग ७८७ हा अपवाद.) इंजिनाचे सील गळू लागले, की तापलेल्या वंगण तेलाची वाफ या हवेत मिसळू शकते. विमानातील गाळण्या धूळ व जंतू अडवतात, वायू अडवत नाहीत. अशी वाफ ओळखणारे यंत्र बहुतेक विमानांत नसते. सारी भिस्त माणसाच्या नाकावर!

या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते. १९५९ साली मोरोक्कोत विमान इंजिनाचे तेल खाद्यतेलात मिसळून विकले गेले, तेव्हा सुमारे १०,००० लोकांचे हातपाय लुळे पडले. अर्थात तेथे ते पोटात गेले होते. विमानातील प्रमाण त्या मानाने अत्यल्प, म्हणून घाबरून जाऊ नये. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांतील हवा तपासून २०११ साली अहवाल दिला. मर्यादा ठरलेले पदार्थ मर्यादेतच आढळले. मात्र त्या उड्डाणांत गळतीचा मोठा प्रसंग घडलाच नव्हता.

प्रसंग घडला तर पुरावा लवकर नाहीसा होतो. वास विरतो, विमान पुढच्या फेरीला जाते. रक्तात कार्बन मोनॉक्साइड गेला असेल, तर साध्या हवेत दर चार-पाच तासांनी तो निम्मा होतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तो ओळखत नाही, रक्तच तपासावे लागते.

तेव्हा वास येताच विमानातील कर्मचाऱ्यांना सांगा. उड्डाण क्रमांक, आसन, वेळ, वास आणि होणारा त्रास टिपून ठेवा. त्रास झाल्यास उतरल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि विमानाचा उल्लेख जरूर करा. विमान कंपनीला लेखी कळवा, प्रत जवळ ठेवा. नोंदच नसेल तर तपास करणाऱ्याने इंजिन तरी कोणते उघडून पाहायचे?