लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणि वऱ्हाडचा उन्हाळा

मार्च महिना संपत आला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत एक काम ठरलेले असते. कूलर बाहेर काढायचा, जाळीत नवा वाळा भरायचा आणि टाकीत पाणी ओतायचे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढला तरी कूलरपुढे बसले की जीव गार होतो. पण जुलैत पावसाची झड लागली की तोच कूलर कुचकामी ठरतो. खोली थंड न होता नुसती दमट होते. असे का होते हे ज्याला उमगले, त्याला लॅब्रॅडॉरचे पिल्लू सांभाळण्याचे निम्मे शास्त्र उमगले, असे म्हणायला हरकत नाही!

लॅब्रॅडॉरचे पूर्वज थंड प्रदेशातले. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यू फाउंडलंड बेटावर ते कोळ्यांच्या मदतीला असत. एकोणिसाव्या शतकात त्यांना इंग्लंडमध्ये नेण्यात आले आणि तेथे ही जात घडवली गेली. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. गार पाण्यात उडी घ्यायची आणि शिकार झालेला पक्षी अलगद तोंडात धरून आणायचा, हे तिचे काम. म्हणून तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ व तेलकट, आतला दाट व मऊ. अशा प्राण्याला आपण वऱ्हाडात आणतो, तेव्हा त्याच्या शरीराची सोय पाहणे हे आपले कर्तव्य ठरते.

उकडले की आपल्याला घाम येतो. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जीभ, तोंड व नाक यांतील ओलाव्याची वाफ होते आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. तुमचा कूलर आणि आजीचा माठ याच तत्त्वावर चालतात. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते, दमट असेल तर होत नाही. म्हणजे मे महिन्यात पिल्लाचा हा 'कूलर' चालतो, पण टाकीत पाणी असेल तरच! त्याच्याजवळ सावलीत पाण्याचे भांडे सदैव भरलेले हवे. आणि पावसाळ्यातल्या दमट, कोंदट दिवशीही त्याला फार पळवू नये.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले तर उष्माघाताने जीव जाऊ शकतो. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, ओकारी, झोकांड्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी पिल्लाला सावलीत न्या, अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच पशुवैद्यांकडे घेऊन जा. गरम होते म्हणून त्याचे केस मात्र भादरू नका. तेच केस उन्हापासून त्याच्या कातडीचे रक्षण करतात.

आता शिक्षणाकडे वळू. घरात दादा म्हणतो 'सिट', आई म्हणते 'बस रे', आजी म्हणते 'खाली बैस'. पिल्लू गोंधळते, कारण त्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, फक्त ध्वनी ओळखता येतो. म्हणून सर्वांनी एकच शब्द ठरवा. भाकरीचा छोटा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. पिल्लू मान वर करते आणि आपोआप बसते. बुड टेकताच 'बस' म्हणा आणि तुकडा द्या. उशीर नको! एक-दोन सेकंदांत मिळालेले बक्षीसच त्याला त्या कृतीशी जोडता येते. शिक्षेचेही तसेच. सकाळी घाण केली म्हणून दुपारी रागावलात, तर ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल. त्यापेक्षा झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर त्याला अंगणात न्या आणि तेथे शी-शू केली की लगेच शाबासकी द्या.

लॅब्रॅडॉर खाऊसाठी इतका उत्सुक का? केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, सुमारे एकचतुर्थांश लॅब्रॅडॉरांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ अधिक असते. मदतनीस म्हणून शिकवलेल्या लॅब्रॅडॉरांत हा बदल आणखी जास्त आढळला. म्हणजे जी भूक त्याला शिकवते, तीच त्याला लठ्ठही करते आणि लठ्ठ कुत्र्याला ऊन अधिक बाधते. यावर उपाय सोपा आहे. बक्षिसाचे तुकडे रोजच्या जेवणातूनच काढून ठेवा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट मात्र कधीही देऊ नका. ते कुत्र्याला विषारी आहेत.

नाक आणि शिकण्याची आवड यांची जोड झाली की काय घडते, हे मुंबईने पाहिले आहे. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्रॅडॉरने ३ हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून शोधून दिले. त्याचेही शिक्षण वास आणि बक्षीस यांच्या जोडीतूनच झाले होते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात. खेळताना दात लागून रक्त आले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. ही गोष्ट घरात लपवू नका.

एक प्रयोग करून पाहा. सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री नऊ वाजता हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर टेकवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर ती वेळ पिल्लाला फिरवण्याची नव्हे. महिनाभर याची नोंद ठेवा.

आणि पिल्लू आणण्यापूर्वी एक हिशेब करा. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षे जगतो. आज तुम्ही नववीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही कदाचित नोकरीनिमित्त दूर गावी असाल. त्या वेळी मे महिन्याच्या दुपारी त्याचे पाण्याचे भांडे कोण भरणार? याचे उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधा. ते सापडले, तरच पिल्लाला घरी आणा.