मूल एका आवारात, कुटुंब दुसऱ्यात

मिनियापोलिस, जानेवारी

इथल्या मिनेसोटा विद्यापीठात मूल एका आवारात शिकवतात आणि कुटुंब दुसऱ्यात. बालविकास संस्था मिनियापोलिसमध्ये, मिसिसिपीच्या काठाजवळ. कुटुंबशास्त्राचा विभाग सेंट पॉलच्या आवारात, शेतकी आणि पशुवैद्यकाच्या शेजारी. दोन्हीकडे तास असतील तर मधल्या वेळेत विद्यापीठाची बस पकडायची. या थंडीत ते सोपं नाही.

ही फाळणी जुनी आहे. बालविकास संस्था १९२५ सालची, रॉकफेलर घराण्याच्या एका निधीतून उभी राहिलेली. तिथे पहिल्यापासून भर निरीक्षणावर आणि मोजमापावर. कुटुंबाचा विषय मात्र गृहशास्त्रातून वाढला, म्हणून तो शेतकीच्या अंगणात राहिला.

माझ्या ओळखीची पुण्याची एक मुलगी इथे बालविकासात बी.ए. करते. निघताना आजीने विचारलं होतं, "एवढे डॉलर मोजून बालवाडीच्या बाई व्हायचंय का गं?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. संस्थेची स्वतःची बालवाडी आहे आणि विद्यार्थी तिथे मुलं बघायला बसतात. बघायचं ते काचेआडून. मुलांना आपण दिसत नाही.

तिची वही मी चाळली. एका पानावर 'मुलगा रागावला' असं इंग्रजीत लिहिलेलं, त्यावर शिक्षिकेची काट आणि शेजारी प्रश्न: हे तुला दिसलं कुठे? खाली नव्याने लिहिलेलं: ठोकळा ठेवला. मान खाली घातली. बाईंकडे पाठ केली. वीस सेकंदांनी मागे वळून पाहिलं.

"खरं तर तो रागावला नव्हताच," ती म्हणाली. "रुसला होता. पण ते इंग्रजीत कसं लिहू?"

तिचं बरोबर होतं. राग एकट्यालाही येतो. रुसायला मात्र समजूत काढणारं कुणीतरी लागतं. म्हणून तर तो मागे वळून पाहतो. शिक्षिकेची शिस्त मला पटते, कारण आपल्याकडे मुलाच्या मनातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी घरोघरी खात्री असते. पण रुसवा बघायचा तर काचेमागची खोली पुरत नाही, सेंट पॉलची बसच पकडावी लागते.

कुटुंबशास्त्राच्या त्या विभागात पॉलीन बॉस यांनी अनेक वर्षं शिकवलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांचा अभ्यास करताना त्यांनी १९७०च्या दशकात 'अँबिग्युअस लॉस' ही कल्पना मांडली. आपण अधांतरी वियोग म्हणू. माणूस गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर दार वाजत नाही. पुढे २००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर बेपत्ता कामगारांच्या कुटुंबांसोबतही त्यांनी काम केलं. या वियोगाचे त्या दोन प्रकार सांगतात: शरीर नाही पण मनात आहे, आणि शरीर समोर आहे पण मन हरवलं आहे. परदेशी गेलेल्या लेकरांची घरं पहिल्यात मोडतात, स्मृतिभ्रंश झालेली माणसं दुसऱ्यात.

परीक्षेसाठी या दोन प्रकारांची उदाहरणं द्यायची होती. मुलीला ती शोधावी लागली नाहीत. आजी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, जेवलीस का? परवा तोच प्रश्न तिने तीनदा विचारला. मग मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "तू कुणाची गं?"